हैदराबादच्या स्थळाची चौकशी

पुणे, १३ मे २०२४

मामा,

वाकून नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही 'हां हां' म्हणता ते ऐकू आलं म्हणून नव्हे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि अंगददादाच्या व्हॉट्सॲपवर काही पाठवलं की ते तुमच्याआधी वहिनी, आई आणि शेजारच्या दोघी वाचून मोकळ्या होतात.

बातमी अशी की हैदराबादच्या संस्थेतून पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. गेल्या वर्षी दोन ठिकाणांहून नकार आले तेव्हा आईने देव पाण्यात ठेवले होते. अजून बाहेर काढले नसतील तर राहू द्यात, यंदाही लागतील. मुलाखत अकरा जूनला आहे.

पीएचडी म्हणजे काय असतं हे तुम्ही दर दिवाळीला विचारता, म्हणून एकदाच लिहून टाकते. पाच-सहा वर्षं एका गाईडच्या हाताखाली राहून एका प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा. माझा प्रश्न शेणकिड्यांचा. गुरांना जंताचं औषध पाजलं की त्यांच्या शेणातले किडे मरतात का, आणि किडेच मेले तर ते शेण जमिनीत मुरवणार कोण? हसू नका. लहानपणी तुमच्या गोठ्यात उकिडवी बसून जे पाहायचे आणि मामीचा मार खायचे, तेच आता शिष्यवृत्ती घेऊन पाहणार आहे.

मुलाखतीच्या दिवशी गाईडची नावं पसंतीच्या क्रमाने लिहून द्यायची असतात. माझं पहिलं नाव ठरलंय, डॉ. सोमसुंदर. देशभर त्यांचा बोलबाला आहे. दुसरं डॉ. वसुंधरा मॅडमचं. त्यांना फारसं कोणी ओळखत नाही, पण दुसरं नाव लिहावंच लागतं.

आता मुद्द्याचं. उमापूरच्या बजरंगरावांचं स्थळ तुम्ही माझ्यासाठी हाताशी धरून ठेवलंय असं आई म्हणाली. बाबा गेल्यापासून आई तुमच्या शब्दाबाहेर नाही आणि मीही नाही. एवढंच मागते, निकाल लागेपर्यंत त्यांना होकार देऊ नका. जागा मिळाली तर मला जाऊ द्या. नाही मिळाली तर तुम्ही म्हणाल तिथे बसून बोलू. तोवर तुम्ही फक्त स्वस्थ बसा. नेमकं तेच तुम्हाला जमत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमची शेणात हात घालणारी,
तेजू


सिरसाळा, १९ मे

चि. तेजू, पोटभर आशीर्वाद.

'पाच-सहा वर्षं एका माणसाच्या हाताखाली' इथपर्यंत वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. मग तुझ्या मामीला तेवढंच मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पाच वर्सं पोरगी द्याची आन् मानूस कसा हाय ते न्हाई पाह्याचं? लोक म्हैस घेतानी बी आधी धार काढून पाह्यतेत."

आमच्या विजयमालाबाईंचं म्हणणं मला सहसा पटत नाही, पण हे पटलं. मी चाळीस वर्षं सोयरिकी जुळवतोय. लोक परळीपासून गेवराईपर्यंत मला बोलावतात ते माझ्या रूपाला भुलून नव्हे, माझ्या चौकशीसाठी. मी घरच्यांना कधी विचारत नाही, घरचे सगळं गोडच सांगतात. मी न्हाव्याला विचारतो, किराणावाल्याला विचारतो. माझे नेम दोनच. ज्या घरातला गडी वर्षानुवर्षं टिकतो ते घर चांगलं. आणि घरधनी आला की बाकीचे गप्प होतात, ते घर वळणाचं.

उमापूरचं घर या दोन्हीला उतरलंय. तीन सुना आहेत. पंचमी आली की गावोगावच्या सुना माहेरी पळतात, यांच्या तिघी जागच्या हलत नाहीत. इतकं सुख लागलंय की माहेर आठवत नाही! बजरंगरावांनी स्वतः अभिमानाने सांगितलं आणि शेजाऱ्यांनीही मान डोलावली. तरी तू म्हणतेस म्हणून त्यांना थोपवून धरलंय. धाकट्याला घोड्यावर बसायची घाई झालीय, पण थांबतील.

पण त्या सोमसुंदरांची चौकशी कोणी केली? नाव मोठं म्हणतेस. नाव मोठं आणि लक्षण खोटं, अशी घरं मी पायलीला पन्नास पाहिलीत. तेव्हा मी उद्या परळीहून गाडी धरतोय. हैदराबाद आपल्याला परकं नाही, आमच्या आजोबांनी तिथल्या कोर्टात चपला झिजवल्यात. काळजी करू नको, तुझं नाव काढणार नाही. फक्त माझं काढीन.

घरादारातून बाहेर पडलेला,
विठ्ठलराव


पुणे, २३ मे

मामा,

पत्र आत्ता मिळालं आणि तुम्ही तिथे पोचलाही असाल. आईला फोन केला तर ती म्हणते, दादा दोन दिवसांच्या दशम्या आणि चटणी घेऊन गेले. हे पत्र निदान परत आल्यावर तरी वाचा.

संस्थेच्या सूचनांमध्ये ठळक अक्षरात लिहिलंय, वशिला लावण्याचा प्रयत्न झाल्यास अर्ज रद्द. तुम्ही वशिला लावायला गेला नाहीत हे मला माहीत आहे, त्यांना कसं कळणार? फेटा बांधून दारात उभा राहिलेला माणूस 'साहेब स्वभावाने कसे आहेत' विचारतोय, यातून ते काय समजतील? मी तीन वर्षं या मुलाखतीसाठी घासतेय मामा. हे हात दाखवून अवलक्षण झालं.

मला राग आलाय. नमस्कार लिहायलाही हात उचलत नाही, पण नमस्कार.

तेजू


सिरसाळा, २८ मे

चि. तेजू,

रागावलीस, रागव. आधी चौकशीचा अहवाल वाच, मग काय ते बोल.

फाटकाच्या आत सोडत नाहीत, ते बरंच झालं. खरी माहिती फाटकाबाहेरच मिळते. समोर चहाचा गाडा आहे. गाडेवाला जाकीर मूळचा आपल्या उदगीरचा निघाला. त्याच्या बाकड्यावर मी दोन दिवस ठाण मांडलं. चहाला येणाऱ्या पोरांशी आपली दखनी चालते, त्यामुळे भाषेची अडचण पडली नाही.

तर सोमसुंदर. पोरी, काय मान आहे माणसाला! त्यांची गाडी फाटकात आली तशी पोरं अर्धा चहा टाकून आत पळाली. एक पोरगा गाडीतून बॅग काढून घेतो, एक त्यांच्या नातवाला शाळेतून आणतो. आणि टिकाऊपणा म्हणशील तर, दाढीत पांढरे केस आलेला एक पोरगा भेटला, तो नऊ वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे! दुसरा आठ वर्षांपासून. मी म्हटलं, "सोडून जावं वाटत न्हाई का बे?" तर त्याने वर आभाळाकडे पाहिलं आणि नुसता हसला. इतकी माया! त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द कोणी काढला नाही. विचारलं की इकडेतिकडे पाहायचे आणि 'सर मोठे आहेत' म्हणायचे. असा धाक मी पंचक्रोशीत पाहिला नाही.

आता तुझ्या मॅडम. सांगायला वाईट वाटतं. बाई चारचौघांसारख्या गाड्यावर उभ्या राहून चहा पितात. त्यांच्या हाताखालची एक पोरगी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "मॅडम, तुमचं चुकलंय, मी आकडे पुन्हा पाहिले." आणि बाई रागावण्याऐवजी म्हणाल्या, दाखव! वळण म्हणून नाही. शिवाय त्यांच्याकडे कोणी टिकतच नाही. जाकीरने बोटावर मोजून सांगितलं, एक जर्मनीला गेली, एक भोपाळला नोकरीला, एक इथेच दुसऱ्या संस्थेत. पाच वर्षं झाली की भुर्र. मी होतो त्याच दिवशी ती जर्मनीवाली कडेवर लेकरू घेऊन बाईंना भेटायला आली होती. दोघी गाड्यापाशी कितीतरी वेळ हसत होत्या. सोडून गेलेली परत येते, म्हणजे तिकडेही करमत नसणार.

तेव्हा माझं मत पक्कं. पहिलं नाव तू लिहिलंयस तेच राहू दे.

एक बारीकसा घोटाळा झाला, तोही सांगून टाकतो. बाईंच्या घरी कोण कोण आहे, स्वभाव तापट आहे का, असं मी सवयीने विचारत गेलो. दुसऱ्या दिवशी जाकीर कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, मॅडम के वास्ते रिश्ता लाए क्या?" मी नाही म्हटलं, पण मला कमी ऐकू येतं आणि त्यालाही तेच झालं असावं. तोवर पोरांमध्ये बातमी पसरली होती. नाव-गाव मात्र मी खरंच सांगितलं. खोटं बोलून चौकशी करणं माझ्या तत्त्वात नाही.

मामीने शेंगदाण्याची चटणी वेगळी काढून ठेवलीय. राग गेला की पाठवतो.

विठ्ठलराव


हैदराबाद, ११ जून

मामा,

मुलाखत झाली. स्टेशनवर बसून लिहितेय, अक्षर समजून घ्या.

तुमचा अहवाल मी पुण्यात तीनदा वाचला. पहिल्यांदा डोकं फिरलं, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी माझ्या पसंतीचा क्रम उलटा केला. हो, तुमच्यामुळेच केला. तुमचे डोळे पक्के आहेत मामा, तुम्ही पाहिलंत ते सगळं खरं. निवाडा तेवढा उलटा झाला.

पीएचडी पाच-सहा वर्षांत संपायला हवी. नऊ वर्षं तिथेच असलेला मुलगा मायेने राहिलेला नाही. सरांच्या सहीशिवाय त्याला पदवी मिळत नाही आणि सर सही करत नाहीत. तो त्यांच्या नातवाला शाळेतून आणतो ते काही हौसेने नाही. त्याने आभाळाकडे का पाहिलं ते मला तुमच्या पत्रातही दिसलं. आणि मॅडमकडची मुलं पाच वर्षांत भुर्र होतात, ती कामं पुरी करून. त्यांना 'चुकलंय' म्हणता येतं. गेलेली मुलगी लेकरू दाखवायला परत येते. जे थांबले ते सुखानेच थांबले असं नसतं, मामा. न्हाव्याला विचारता तसं गेलेल्यांनाही विचारावं लागतं.

मॅडम मुलाखतीला समोरच बसल्या होत्या. सोमसुंदर सर परदेशी होते, ते एक बरं. शेणकिड्यांवर बराच वेळ प्रश्न झाले. मी औषध पाजलेल्या गुरांचं शेण आणि न पाजलेल्यांचं असं शेजारी शेजारी ठेवून केलेलं काम सांगितलं, ते त्यांना आवडलंसं वाटलं. मग मॅडमनी माझा अर्ज उलटला आणि पालकांच्या नावावर बोट ठेवलं.

"सिरसाळ्याचे विठ्ठलराव तुझे कोण?"

म्हटलं, "मामा."

"ते माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते, असं आमचा चहावाला म्हणतो. मी बावन्न वर्षांची आहे."

बाकीचे चौघे पाहायला लागले. एकाने तर कागदावर काहीतरी लिहिलंही. सावरून घेण्यासारखं काही सुचलं नाही, म्हणून खरंच सांगितलं. स्थळ नव्हतं, चौकशी होती. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर पाहतात. मामांनी गाईड पाहिला. मी नको म्हणत होते.

"मग काय कळलं त्यांना?"

"तुमच्याकडे कोणी टिकत नाही असं कळलं," मी म्हणाले. "म्हणून मी पहिलं नाव तुमचं लिहिलंय."

मॅडमनी चष्मा पुसला, 'थँक यू' म्हणाल्या, आणि मला बाहेर पाठवलं. बस, एवढंच. त्या खूश झाल्या की चिडल्या, देवाला माहीत. निकाल पंचवीसला आहे.

आता राग नाही. भीती आहे. चटणी पाठवा.

तेजू


सिरसाळा, १७ जून

चि. तेजू,

दोन दिवस जेवण गेलं नाही. पोरीच्या भरल्या ताटात मी पाय दिला की काय, हेच डोक्यात. मामी बोलत नाही. बोलते तेव्हा फक्त, "गेलता ना शहाणपन करायला?" एवढंच बोलते. म्हणशील तर पुन्हा हैदराबादला जाऊन बाईंची माफी मागतो.

(नको म्हणशील. लिहितानाच कळलं.)

उमापूरहून बजरंगरावांचा माणूस आला होता, पाहण्याचा दिवस धरा म्हणून. पंचवीसनंतर कळवतो असं सांगून वाटेला लावला. का कोण जाणे, या वेळी ते सांगताना मला बरं वाटलं. तुझ्या पत्रातलं ते 'थांबले ते सुखानेच थांबले असं नसतं' मला काही झोपू देत नाही. त्यांची मधली सून वडवणीच्या हरिबाची लेक. बाजारच्या दिवशी वडवणीला चक्कर टाकून येईन म्हणतो.

चटणी पाठवलीय. तिखट जास्त झालंय, मामीचा राग त्यात उतरलाय.

विठ्ठलराव


पुणे, २६ जून

मामा! मिळाली! जागा मिळाली!

काल दुपारी यादी लागली. माझं नाव मी आधी चुकून ओलांडून खाली गेले आणि रडायला लागले, मग मैत्रिणीने वर बोट ठेवलं. वसुंधरा मॅडमकडेच. एक ऑगस्टला रुजू व्हायचं. मामा, माझा जीव असा भांड्यात पडलाय की काल संध्याकाळपासून मी नुसती झोपतेय आणि उठून पुन्हा यादी पाहतेय.

आणि ऐका. सकाळी स्वतः मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुझ्या मामांनी माझी चौकशी केली, मग मीही तुझी केली. तुझ्या पुण्याच्या सरांशी बोलले, तुझ्याबरोबर काम केलेल्या दोघींशी बोलले. इतकी वर्षं मुलं माझे शोधनिबंध वाचून येतात, मी माणूस कशी आहे हे विचारायला पहिल्यांदाच कोणी आलं. विचारायलाच हवं. मामांना सांग, लग्नाला माझा नकार आहे, बाकी सगळ्याला होकार."

कागदावर लिहिणारे सर काय लिहीत होते तेही मी धीर करून विचारलं. ते जेवणाची वेळ लिहून शेजारच्याला दाखवत होते.

आता जुलैभर घरी येतेय. मामीला सांगा, आता तरी तुमच्याशी बोला म्हणावं. आणि उमापूरकरांना आता कळवाल ना? मी तुमच्या शब्दाबाहेर नाही, म्हणूनच विचारतेय.

हलकी हलकी झालेली,
तेजू


सिरसाळा, ३ ऑगस्ट

चि. तेजू,

तू महिनाभर इथे होतीस, पण घर भरलेलं. पेढे, सत्कार, तुझ्या आईचं रडणं. तू दोनदा उमापूरचं विचारलंस आणि दोन्ही वेळा मी 'थांबवलंय, बाकी मग सांगतो' म्हणून कटवलं. काम पुरं झाल्याशिवाय बोलायचं नव्हतं. आता झालंय.

मी वडवणीला गेलो होतो. या वेळी उमापूरच्या न्हाव्याला विचारलं नाही, सुनेच्या माहेरी जाऊन बसलो. हरिबा बाजारात होता, त्याची बायको छबुबाई घरी होती. मी म्हटलं, "तुमची सत्यशीला लई सुखात हाय म्हनं, माहेराची सय बी येत न्हाई." बाईने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "दाजी, दोन पंचम्या झाल्या. आमी मुराळी धाडला, त्यायनं दारातूनच लावून देला. पोरीचा आवाज बी फोनवर दुसऱ्याच्या हुकुमानं येतो."

तेजू, मी तसाच उठलो आणि उमापूरला जाऊन बजरंगरावांना सांगून टाकलं, आमची पोरगी तुमच्या घरात येणार नाही. कारण विचारलं तर म्हटलं, तुमच्या घरातून कोणी जात नाही म्हणून. त्यांना समजलं नाही. न समजू दे.

पण एवढ्यावर मला चैन पडेना. लेकीला पंचमीला आणायला जाणारा मुराळी भाऊच असावा असं कुठे लिहिलंय? काल मी छबुबाईची साडी आणि शिदोरी घेऊन मुराळी म्हणून त्यांच्या दारात उभा राहिलो. बजरंगराव म्हणाले, कामं आहेत, धाडता येणार नाही. मी म्हटलं, "मुराळी रिकामा जात न्हाई पाटील, रीत हाय. आन् तुमच्या धाकट्याला अजून पोरगी पाह्याची हाय. इचारायला लोक माझ्याकडंच येतेत." मला कमी ऐकू येतं ना, म्हणून मी मोठ्यानेच बोलतो. आळीतल्या बाया दारात आल्या. थोड्या वेळाने सत्यशीला पिशवी घेऊन बाहेर आली. बस वडवणीला शिरेपर्यंत पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होती. शिवेवरचं देऊळ दिसलं तेव्हा म्हणाली, "काका, झोका बांधला असंल का?"

परत कधी जायचं ते तिने ठरवायचं, असं हरिबाला बजावून आलोय. तो 'हो' म्हणाला, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं.

माझे दोन्ही नेम मी काढून टाकलेत. आता एकच विचारतो, लेकी पंचमीला येतात का? तुझ्याबाबतही तेच विचारायचंय. शुक्रवारी पंचमी. तू रुजू होऊन आठवडाही होणार नाही, रजा कोण देणार, हे मला समजतं. पण विचारून पाहा. तुला नव्हे, बाईंना पाहायचंय.

मुराळी विठ्ठलराव


हैदराबाद, ६ ऑगस्ट

मामा,

हे पत्र आणि मी बहुतेक एकाच वेळी पोचू.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि डोळे पुसत होते तेवढ्यात मॅडम आल्या. लपवायला काही उरलं नव्हतं, सगळं सांगितलं. पंचमी म्हणजे काय, मुराळी म्हणजे काय, सत्यशीलाताईचं सांगितलं. रजा मागायचा धीर मात्र होईना, सहावा तर दिवस. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुवारची गाडी आहे ना? सोमवारी किड्यांचे डबे तपासायचेत, तोवर ये. आणि पोचलीस की मामांना म्हणावं, परीक्षा पास झाले का ते कळवा."

मामा, मी बॅग भरायला खोलीवर आले आणि माझ्या लक्षात आलं, मला सोमवारी इथे परत यायची घाई झालीय. अजून निघालेही नाही तरी.

मामीला पुरणाचे दिंड करायला सांगा, मॅडमसाठी डबाभर वेगळे. जाकीरचाचालाही चार द्यायचेत. गोठ्यापुढच्या लिंबाला झोका बांधून ठेवा, दोघींना बसता येईल असा मजबूत बांधा. येताना मी आधी वडवणीला जाऊन सत्यशीलाताईला घेऊन येतेय, चार घटका. फोनवर तिला विचारलंय, ती येते म्हणाली.

तेजू